बर्फ, वाटाड्या आणि हक्कसोडपत्र

कॅनडातील कॅलगरी येथे नोकरीस असलेल्या माझ्या भाच्याने गेल्या हिवाळ्यात मला एक कागद पाठविला आणि सोबत दोन ओळी लिहिल्या : ‘मामा, इथे सगळेच यावर सही करतात. तरी तुम्ही एकदा वाचून सांगा.’ सगळेच सही करतात ही सबब वकिलाच्या कानाला नवी नाही. आमच्या कोर्टाच्या आवारातही सगळेच सही करतात, आणि पुढे त्यांतल्या कित्येकांना त्या सहीचा पश्चात्ताप घेऊन आमच्यासारख्यांकडे यावे लागते. आमचा चरितार्थ बराचसा त्या पश्चात्तापावरच चालतो. कागद मी वाचला, पुन्हा वाचला, आणि जे उत्तर चार ओळींत द्यावयाचे ते देताना असा काही संताप झाला की, त्यातूनच प्रस्तुत लेख उभा राहिला.

प्रथम प्रसंग काय ते सांगतो. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात सेल्कर्क नावाची पर्वतराजी आहे. तेथील अरण्यात, जेथे हिवाळ्यात रस्ता म्हणून काही उरत नाही, अशा ठिकाणी लाकडी निवास बांधलेले आहेत. त्यांना तिकडे ‘लॉज’ म्हणतात. पायथ्याच्या गावाहून शनिवारी सकाळी हेलिकॉप्टर पाहुण्यांना वर नेऊन सोडते आणि पुढच्या शनिवारी खाली आणते. मधले सात दिवस वाटाड्याच्या मागोमाग चालावयाचे : लाकडी वा धातूच्या पट्ट्यांना, म्हणजे ‘स्की’ना, खालून केसाळ पट्टे लावून डोंगर चढावयाचा आणि पट्टे काढून अस्पर्श बर्फावरून घसरत खाली यावयाचे. काही निवासांत चढण्याचा हा खटाटोपही हेलिकॉप्टरच वाचविते. हा धंदा तेथे हान्स ग्मोझर या ऑस्ट्रियात जन्मलेल्या पर्वतारोह्याने १९६५ मध्ये बुगाबू पर्वतांत सुरू केला, आणि आज तो त्या प्रांताच्या भूषणांपैकी एक मानला जातो. या खेळाविषयी माझे काही म्हणणे नाही. समुद्रकाठी जन्मलेल्या मला बर्फाचे वेड लागणे शक्य नाही. पण ज्यांना लागले आहे त्यांच्या आनंदाला नाक मुरडणारा मी कोण?

माझे भांडण आहे ते त्या कागदाशी. भाच्याने सोबत त्या निवासाचे माहितीपत्रकही पाठविले होते. चित्रे सुंदर. मजकूर त्याहून सुंदर. आमचे वाटाडे प्रमाणपत्रधारक आहेत, त्यांच्या गाठी वर्षानुवर्षांचा अनुभव आहे, ते रोज सकाळी हवामान तपासतात, बर्फात खड्डा खणून थरांची परीक्षा करतात, आणि कोणता उतार आज चालावा व कोणता टाळावा हे ठरवितात. पाहुण्यांनी निश्चिंत मनाने मागोमाग यावे, अशा आशयाचे ते निमंत्रण. आणि त्याच संस्थेचा दुसरा कागद काय म्हणतो? हिमस्खलन, दरड, दरी, थंडी, यांपासून होणाऱ्या मृत्यूची वा इजेची जबाबदारी आमची नाही, येथवर ठीक. पण त्यापुढे असे की, ती इजा आमच्या हयगयीमुळे झाली, आमच्या वाटाड्याच्या हयगयीमुळे झाली, तुमचे रक्षण करण्यात आम्ही कसूर केल्यामुळे झाली, तरीही तुम्ही, तुमचे वारस व तुमच्या इस्टेटीचे व्यवस्थापक आमच्यावर दावा लावणार नाही.

वाचकहो, येथे थोडे थांबावे. हा मनुष्य नेमके काय विकतो आहे? बर्फ तो विकत नाही. बर्फ देवाचा किंवा सरकारचा. डोंगरही त्याचा नव्हे. जेवण, निजणे आणि हेलिकॉप्टरची फेरी वजा केली तर मागे उरते ते एकच : वाटाड्याची पारख. आज त्या उतारावर पाऊल टाकावे की नाही, हा निर्णय. त्या निर्णयासाठी पाहुणा हजारो डॉलर मोजतो, कारण तो निर्णय स्वतः घेण्याचे ज्ञान त्याच्यापाशी नाही. आणि ज्या वस्तूची किंमत घेतली, नेमक्या त्याच वस्तूच्या खोटेपणाची हमी नाही असे लिहून घेतले जाते. मांडवीच्या तरीवर एखादा नावाडी म्हणू लागला की, ‘लाट उसळली तर मी काय करणार?’ तर ते आपण समजून घेऊ. पण तो जर म्हणाला की, ‘मी वल्हे टाकून झोपलो आणि होडी बुडाली, तरी तुमच्या मुलाबाळांनी माझे नाव घेता कामा नये, सही करा आणि बसा,’ तर त्या होडीत आपण बसू काय?

आपल्याकडे हक्कसोडपत्र हा शब्द घराघरांत ठाऊक आहे. वडिलांच्या माघारी भाऊ बहिणीला माहेरी बोलावतात, साडीचोळी करतात, आणि पानसुपारी झाल्यावर तिच्यापुढे कागद ठेवतात. त्या कागदांपायी किती बहिणी नागविल्या गेल्या याची गणती नाही, आणि त्यांची बाजू मांडताना मी घसा कोरडा केलेला आहे. तरीही त्या कागदाच्या बाजूने एक गोष्ट कबूल केली पाहिजे. बहीण जे सोडते ते तिला दिसत असते : अमुक कुळागर, तमुक घर, इतका हिस्सा. सोडलेला हक्क त्या दिवशी अस्तित्वात असतो आणि त्याची किंमत करता येते. बर्फावरच्या हक्कसोडपत्रात सोडावयाचा हक्क अजून जन्मालाच आलेला नाही. उद्या कोण कोणती चूक करील, त्या चुकीने आपला पाय जाईल की प्राण, हे सही करणाऱ्याला कळणे शक्य नाही. झालेल्या अपराधाची क्षमा करणे हा सद्गुण आहे; न झालेल्या अपराधाची क्षमा आगाऊ लिहून देणे म्हणजे त्या अपराधाला परवाना देणे होय.

कोणी म्हणेल, हा सारा शब्दांचा खेळ. बर्फात मरण येते ते निसर्गाच्या हातून. २००३ सालच्या जानेवारीत, २० तारखेस, याच सेल्कर्क पर्वतांत ड्युरँड हिमनदीजवळच्या निवासातून वाटाड्यांसह निघालेल्या पाहुण्यांवर हिमलोट कोसळला आणि सात जण मृत्यू पावले. त्यांत बर्फावरील खेळांत जगभर नाव असलेला क्रेग केली हाही होता. त्यानंतर बाराव्या दिवशी, १ फेब्रुवारीस, तेथून फार दूर नसलेल्या रॉजर्स खिंडीजवळ एका शाळेच्या सहलीवर दुसरा लोट आला आणि सात विद्यार्थी गेले. त्या एका हिवाळ्यात कॅनडात हिमस्खलनाने २९ माणसे दगावली. या दोन्ही दुर्घटनांत अमुक मनुष्य अपराधी होता असे मी म्हणत नाही. म्हणण्याचा मला अधिकार नाही, आणि निष्णात माणसाचाही अंदाज बर्फापुढे चुकू शकतो हे मी मानतो. चूक आणि हयगय एक नव्हेत. वैद्याचा रोगी दगावला म्हणून वैद्य दोषी ठरत नाही. पण वैद्याने नाडीच पाहिली नाही तर तो दोषी ठरतो. हा भेद कोठे आणि कसा करावयाचा, यासाठीच तर न्यायालये आहेत. साक्षीपुरावा घ्यावा, जाणकारांस विचारावे, आणि वाटाड्याने आपल्या विद्येला शोभेल इतकी काळजी घेतली होती असे दिसले, तर त्याला सन्मानाने मुक्त करावे. हक्कसोडपत्र ही चौकशीच होऊ देत नाही. ज्याने काळजी घेतली आणि ज्याने घेतली नाही, अशा दोघांनाही ते एकाच पंक्तीला बसविते. आणि त्यात खरा अपमान होतो तो काळजी घेणाऱ्या वाटाड्याचा.

त्या शाळेच्या दुर्घटनेनंतर काय झाले पाहा. चौकशी झाली. डोंगराळ प्रदेशाची धोक्याप्रमाणे प्रतवारी लावण्यात आली, आणि राष्ट्रीय उद्यानांत हिमस्खलनाच्या मुलखात अज्ञान मुलांचे गट नेण्यावर कडक नियम आले. मरणातून काही शिकावयाचे तर ते कसे घडले याचा उलगडा कोणी तरी कोणाला तरी मागितला पाहिजे.

आता तेथील न्यायालयांकडे वळू. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये बर्फावरील मोटारगाड्यांच्या शर्यतीच्या एका खटल्यात असा कागद ग्राह्य धरला. १९८८ मध्ये त्याच न्यायालयापुढे दुसरा खटला आला : फुगविलेल्या रबरी नळीवर बसून बर्फाच्या टेकडीवरून घरंगळण्याची स्पर्धा, आणि झिंगलेला स्पर्धक. तो इतका प्यालेला होता की ते संयोजकांनाही दिसत होते, तरी त्यास उतरू दिले; त्याची मान मोडून तो जन्माचा पंगू झाला. न्यायालयाने संयोजकांना जबाबदार धरले, चौथा हिस्सा दोष त्या तरुणाच्या पदरी घातला, आणि न वाचता केलेली सही त्याच्या आड येऊ दिली नाही. उत्तम निकाल. पण त्याचे मर्म असे झाले की, कागद त्याने वाचलेला नव्हता आणि त्याकडे त्याचे लक्ष वेधलेले नव्हते. धंदेवाल्यांनी यातून धडा घेतला तो काळजी वाढविण्याचा नव्हे, अक्षरे वाढविण्याचा.

इंग्लंडात न्यायमूर्ती डेनिंग यांनी १९५६ मध्ये म्हटले होते की, काही अटी इतक्या जाचक असतात की त्या तांबड्या शाईत छापून त्यांच्याकडे बोट दाखविणारा तांबडा हात काढावा. विनोदाने का होईना, सूचना पुरेशी असली पाहिजे हे त्यांना सांगावयाचे होते. आज ब्रिटिश कोलंबियातील हक्कसोडपत्रे पाहावीत. ठळक अक्षरे, चौकटी, ‘नीट वाचा’ म्हणून बजावणे, जागोजाग आद्याक्षरांची सही. तांबड्या हाताची उणीव तेवढी राहिली आहे. २०२० मध्ये तेथील अपील न्यायालयाने व्हँकूवरजवळच्या ग्राउस माउंटन येथील एका प्रकरणात तिकिटावरच्या अटीची सूचना वेळेवर व पुरेशी दिली गेली नव्हती, या मुद्द्यावर फिर्यादीस दाद दिली. पुन्हा मुद्दा सूचनेचाच! दरोडेखोराने मोठ्याने ओरडून सूचना दिली म्हणून दरोडा कायदेशीर होत नाही, इतके साधे तत्त्व येथे का दृष्टीआड व्हावे हे मला उमगत नाही.

आणि आता तो निकाल, ज्याने माझा धीर सुटला. व्हिसलरजवळ तारेवरून घसरत दरी ओलांडण्याचा एक खेळ चालतो. एक बाई तारेच्या मध्यावर अडकून राहिली असता मार्गदर्शकांनी मागून दुसरीला सोडले; दोघी आदळल्या आणि जखमी झाल्या. कंपनीने आपली हयगय कबूल केली. कबूल केली, हे लक्षात ठेवावे. तरीही २०१२ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या अपील न्यायालयाने सही केलेल्या कागदाच्या बळावर कंपनीला मुक्त केले. लोक आपखुशीने मौजेसाठी येतात, कोणी त्यांना ओढून आणीत नाही, असा त्यामागील विचार. खेळ बर्फाचा नव्हे, पण कायदा तोच आणि कागदाचा नमुनाही त्याच कुळातला. म्हणून माझ्या भाच्याच्या कागदावर या निकालाची सावली पडलेली आहे.

याहून मौज पुढे आहे. २०१४ मध्ये त्याच न्यायालयापुढे त्याच गावच्या अशाच एका खेळाहून परतणाऱ्या बसचा अपघात आला. सही होती, कागद होता. पण या वेळी बहुमताने ठरले की, रस्त्यावरील वाहनाच्या बाबतीत असा कागद चालावयाचा नाही, कारण प्रांताने सर्व वाहनांना सक्तीच्या विम्याची योजना लागू केलेली आहे आणि तिला बगल देणे सार्वजनिक धोरणाविरुद्ध होय. म्हणजे तारेवर हयगय झाली तर वाऱ्यावर, आणि बसमध्ये झाली तर संरक्षण! (२०२१ पासून तेथील वाहनविम्याची पद्धतच पालटली आहे, ते निराळे.) त्या निवासात काम करणारा वाटाडा आणि स्वयंपाकी यांना कामगार नुकसानभरपाईचा कायदा लागू आहे, आणि तो हक्क कामगाराने लिहून सोडला तरी सुटत नाही. मग उरला कोण? पैसे भरून आलेला पाहुणा. त्या साऱ्या डोंगरात कायद्याने उघडा टाकलेला तोच एक.

हे सर्व अटळ आहे असे ज्यांना वाटते त्यांनी त्याच देशातील क्वेबेक प्रांत पाहावा. १९९४ पासून तेथे अमलात असलेल्या दिवाणी संहितेचे कलम १४७४ स्वच्छ सांगते की, दुसऱ्याच्या शरीरास वा मनास झालेल्या इजेची जबाबदारी कोणासही, कोणत्याही प्रकारे टाळता अथवा मर्यादित करता येणार नाही. एकच देश, एकच बर्फ. पूर्वेस कागद रद्दी, पश्चिमेस तो कवच. गोव्यातील वाचकांना, ज्यांनी १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेची छाया आपल्या घरांवर पिढ्यान् पिढ्या पाहिली आहे, एका देशात दोन कायदेपरंपरा नांदतात याचे नवल वाटणार नाही. नवल याचे वाटावे की, शरीराला किंमत देण्यात रोमन परंपरेचा वारसा सांगणारी संहिता पुढे निघाली आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा डंका वाजविणारा इंग्रजी वळणाचा कायदा मागे राहिला. इंग्लंडने तरी आपले माप सुधारले : १९७७ च्या कायद्याने धंदा करणाऱ्यास हयगयीने झालेल्या मृत्यूची वा इजेची जबाबदारी करारानेही झटकता येईनाशी केली, आणि ग्राहकांपुरता तोच नियम २०१५ च्या कायद्याने पुढे चालविला.

प्रतिपक्षाचे एक म्हणणे मात्र हसण्यावारी नेण्याजोगे नाही. ते असे की, हक्कसोडपत्रे काढून टाकली तर विमा कंपन्या पाठ फिरवतील, छोटे निवास बंद पडतील, आणि डोंगर केवळ बड्या भांडवलदारांच्या हाती जाईल. यात तथ्य आहे. आठ-दहा पाहुण्यांच्या निवासावर एकच दावा लागला तरी मालक भिकेस लागेल, आणि असे निवास चालविणारी कित्येक कुटुंबे डोंगराच्या प्रेमापोटी तेथे राहतात, पैशासाठी नव्हे. परंतु यावरून सिद्ध काय होते? एवढेच की अपघाताचा भार कोणी तरी वाहिला पाहिजे. तो मालकाला पेलत नाही म्हणून विधवेने पेलावा, हा कोणता न्याय? स्वित्झर्लंडात १९९९ च्या जुलैत इंटरलाकेनजवळच्या साक्सेटेनबाख ओढ्यात अचानक लोंढा आला आणि ओढ्यातून उतरण्याच्या खेळातली २१ माणसे गेली. त्या देशाला वेळ लागला. पण २०१४ पासून तेथे पर्वतावरील वाटाड्यांना व अशा साहसांच्या संयोजकांना परवाना आणि विमा दोन्ही सक्तीचे आहेत, आणि घोर हयगयीची जबाबदारी आगाऊ झटकणारा करार तर त्यांच्या जुन्या कायद्यानेच निरर्थक ठरतो. आल्प्समधले निवास त्यामुळे ओस पडले नाहीत. क्वेबेकातील मों-त्रांब्लांचे उतारही हिवाळ्यात रिकामे नसतात. विम्याचा खर्च पाहुण्याच्या बिलात चढेल हे खरे; चढू द्यावा. हेलिकॉप्टरचे पेट्रोल बिलात चढते तेव्हा कोणी कुरकुरत नाही.

‘सज्ञान, सुशिक्षित, पैसेवाला मनुष्य, त्याने वाचून सही केली, आता रडतो कशाला?’ असेही विचारले जाते. वाचून सही केली म्हणजे वाटाघाट केली असे नव्हे. त्या प्रांतातल्या एकूण एक निवासांचा कागद जवळजवळ एकच असेल, तर निवड राहते ती जाण्याची किंवा घरी बसण्याची, अटींची नव्हे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्टच्या खटल्यात, बलवानाने दुर्बलावर लादलेली विवेकास न पटणारी अट १८७२ च्या करार कायद्याच्या २३ व्या कलमाखाली व्यर्थ ठरविली. तो खटला नोकरीचा होता हे मला ठाऊक आहे. पण त्यातला विचार नोकरीपुरता नाही. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर ‘अन्याय्य करार’ ही कल्पनाच व्याख्येत आणून, असा करार रद्दबातल ठरविण्याचा अधिकार राज्य व राष्ट्रीय आयोगांना दिला आहे.

शस्त्र हाती आहे. ते उपसणारे कोठे आहेत? हिवाळा आला की पुण्याहून, बेळगावाहून, इंदुराहून तरुणांचे तांडे गुलमर्गला आणि औलीला निघतात. १ फेब्रुवारी २०२३ रोजी गुलमर्गच्या वरच्या उतारावर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू मरण पावले, तेव्हा बर्फ आपल्याकडेही तोच आहे हे सांगावयास नको. या सहली नेणाऱ्यांपैकी कित्येक जण कॅनडाचा कागद शब्दशः उतरवून घेतात, क्वचित तेथील प्रांताचे नावही खोडावयाचे विसरतात. असा एक नमुना माझ्या कपाटात आहे. त्याहून वाईट म्हणजे आमच्या शाळा. चार दिवसांच्या सहलीसाठी आईबापांकडून लिहून घेतात की, काही झाल्यास शाळा जबाबदार नाही. अज्ञान मुलाचा हक्क बापाला असा लिहून देता येत नाही, हे ब्रिटिश कोलंबियातील न्यायालयानेसुद्धा २००९ मध्ये मान्य केले आहे. आमचे मुख्याध्यापक मात्र तो कागद फाइलीत लावून स्वस्थ झोपतात, आणि आईबाप तो खरा मानून दाद मागावयास जातच नाहीत. निरर्थक कागदाचे सामर्थ्य असे असते : तो न्यायालयात टिकत नाही, पण माणसाला न्यायालयाच्या पायरीपर्यंत येऊ देत नाही.

भाच्याला मी लिहिले की, हयगयीचा शब्द तेवढा गाळून बाकीच्या साऱ्या कागदावर सही करण्यास तू तयार आहेस, असे त्या निवासाला कळव. आणि वाटाड्यांच्या हयगयीचा विमा उतरविला आहे काय, असल्यास तो पाहुण्यांच्या कामी येतो काय, हेही विचार. त्याने विचारले. उत्तर दोन दिवसांत आले, अतिशय सभ्य भाषेत : कागदात बदल करता येत नाही, सही न केल्यास जागा प्रतीक्षायादीतील पुढच्या पाहुण्यास देण्यात येईल, भरलेली रक्कम परत मिळणार नाही. विम्याविषयी एक अक्षर नव्हते. शनिवारी सकाळी हेलिकॉप्टर सुटणार होते. शुक्रवारी रात्री त्याने सही केली.